शुक्राणूंचा आकडा छापण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुरुष-वंध्यत्वाच्या संशोधनात करिअर करा, असा सल्ला देणारे लेख अलीकडे बरेच येतात. त्यात जनुकं असतात, आयव्हीएफ असतं, आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. ज्यावर हा सगळा डोलारा उभा आहे ती साधी वीर्यतपासणी मात्र कुठेच नसते. या क्षेत्रात येणाऱ्याने आधी शुक्राणू नीट मोजायला शिकावं, बाकीचं नंतर, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चूक बहुतेकदा सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचण्याआधीच झालेली असते. आधीच्या वीर्यपतनाला २ ते ७ दिवस झालेले असावेत. त्याहून कमी असतील तर संख्या घटते, फार जास्त झाले तर हालचाल मंदावते. वीर्याच्या पहिल्या भागात शुक्राणू सर्वाधिक असतात. तोच सांडला तर उरलेल्या नमुन्यावरून काढलेला आकडा फसवा ठरतो. संकोचामुळे हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून फॉर्मवर तसा थेट प्रश्न हवा. साधा निरोध वापरून नमुना घेऊ नये, त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. आकारमान पिपेटने मोजलं की थोडं वीर्य काचेला चिकटून राहतं. त्यापेक्षा डबी रिकामी असताना आणि नमुन्यासह अशी दोनदा तोलावी. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर.

आता मोजणी. समजा नमुन्यात मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू आहेत आणि सवयीप्रमाणे १ भाग वीर्य, १९ भाग द्रावण असं ते पातळ केलं, म्हणजेच विरलीकरण केलं. न्यूबाउअर चेंबरच्या, म्हणजे मोजणीच्या जाळ्या कोरलेल्या काचेच्या, मधल्या जाळीत ०.१ मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणजे तिथे दिसणार जेमतेम ८०. बरेच जण इथेच थांबतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. मोजणीतली यादृच्छिक चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते: ४०० मोजले तर २०, म्हणजे ५ टक्के, २५ मोजले तर ५, म्हणजे तब्बल २० टक्के. म्हणून दोन स्वतंत्र विरलीकरणं करून प्रत्येकी किमान २०० मोजायचे. शुक्राणू कमी दिसले तर १ भागाला ४ भागच द्रावण घ्यायचं, नाहीतर बाजूच्या जाळ्याही मोजायच्या. चेंबर भरल्यावर दमट डबीत १० ते १५ मिनिटं ठेवावं, म्हणजे शुक्राणू तळाशी बसतात. एकूण ४०० असताना दोन मोजण्यांत ३९ पेक्षा जास्त फरक आला, तर सरासरी काढून मोकळं होऊ नये; नमुना पुन्हा ढवळून पहिल्यापासून सुरुवात करावी. कंटाळवाणं आहे, कबूल. एकही शुक्राणू दिसला नाही, तरी लगेच 'शून्य' लिहू नये. सेंट्रिफ्यूज यंत्रात ३००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट) बलाने १५ मिनिटं फिरवून तळाचा साका पाहावा. १९९२ पासून उपलब्ध असलेल्या इक्सी पद्धतीत (शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात ती) एका बीजासाठी एकच शुक्राणू लागतो, त्यामुळे साक्यात मूठभर सापडले तरी उपचाराची दिशा बदलते.

एका अहवालावर निकाल देऊ नये, याचं कारण शरीरातच आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर तो अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीतून, पुढे सरकतो. आजच्या नमुन्यात दिसतो तो दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या तापाचा परिणाम. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचंही असंच: मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी वृषणाला संदेश द्यायचं थांबवते, वृषणातलं उत्पादन बंद पडतं, आणि इंजेक्शन थांबवल्यावरही संख्या परत यायला कित्येक महिने जातात.

१९९२ मध्ये कार्लसन, स्काकेबेक आणि सहकारी या डॅनिश संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र करून सांगितलं, की ५० वर्षांत सरासरी संख्या मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली. २०१७ च्या लेविन यांच्या विश्लेषणातही घट दिसली. या घटीवर वाद आहे तो मुख्यतः दोन गोष्टींवर: कोणत्या पुरुषांचे नमुने घेतले आणि ते कसे मोजले. दशकांपूर्वीच्या प्रयोगशाळांतली मोजणी आजच्या मोजणीशेजारी ठेवता येते का, याचं उत्तर संगणकापेक्षा चेंबर हाताळलेला माणूस बरं देऊ शकेल. नव्या संशोधकाला इथे भरपूर काम आहे.

एक विनंती वृत्तपत्रांनाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतला मिलिलिटरला १.६ कोटी हा आकडा 'पास-नापास'ची रेघ म्हणून छापला जातो. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत गर्भ राहिला, अशा पुरुषांपैकी सर्वात कमी संख्येच्या ५ टक्क्यांची ती वरची मर्यादा आहे. म्हणजे त्या रेघेखालचे ते ५ टक्केही बापच झाले होते. पुढच्या वेळी हा आकडा छापाल तेव्हा शेजारी एवढी एक ओळ जरूर द्यावी.

आपले,
वीर्यतपासणी क्षेत्रात काम करणारे काही वाचक