मटार सोलायला लावणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

नेमणूकपत्र आल्यावर तुम्हाला फोन केला, तर "बरं झालं, जेवलीस का?" एवढं म्हणून तुम्ही विषयच संपवलात. बोलायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. रागावू नका.

आयबीपीएस, म्हणजे बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था. तिच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या निवडीत मुख्य परीक्षेचं वजन ८० टक्के, मुलाखतीचं २०. त्या वीस टक्क्यांपायी बाबांनी सोयाबीनचे पैसे एका क्लासच्या घशात घातले. तिथे सर छातीठोकपणे सांगायचे, संवादात ९३ टक्के देहबोली आणि आवाज, शब्द फक्त ७ टक्के! म्हणजे अभ्यास केला तो उगाच? हे आकडे ज्यांतून आले ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग फक्त भावना आणि आवडनिवड कशी पोचते याबद्दलचे होते, हे सरांना कुणीतरी सांगायला हवं. शिवाय सतत हसायचं. शेतकऱ्याच्या थकलेल्या कर्जावर बोलतानाही! मी नखं कुरतडत, पाय हलवत बोलते हे मात्र फी भरून घेणाऱ्या एकालाही दिसलं नाही.

तुम्हाला ते दारातच दिसलं. निवृत्तीआधी मुलाखतीच्या टेबलापलीकडे तुम्ही किती जणांना असं चुळबुळताना पाहिलं असेल! तुम्ही भाषण दिलं नाहीत. मटारची परात माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "सोल आणि सांग, रेपो रेट वाढला की काय होतं?" शेंग फोडायची, अंगठ्याने दाणे ओढायचे, टरफल बाजूला. हात कामाला लागले आणि आवाजातली थरथर कधी गेली ते कळलंच नाही. अर्ध्यावर तुम्ही परात हळूच काढून घेतलीत. "हात आहेत तिथेच राहू देत. पुढे बोल."

बस, तेवढंच. मुलाखतीत माझे हात तसेच मांडीवर होते, सैल.

मोठ्यांसमोर नजर खाली, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यावर तुमचा तोडगा, "कुंकू लावतो तिथे बघ." पॅनेलवरच्या कडक चेहऱ्याच्या साहेबांच्या भुवयांमध्ये बघतच मी गावच्या बचत गटांबद्दल बोलले. सुरुवात त्यांच्याकडे बघून, मग बाकीच्यांकडे, जसं तुम्ही सांगितलं होतंत. एक उत्तर येत नव्हतं, तेव्हा सरळ बसूनच "माहीत नाही, सर" म्हटलं. ते सांगताना खांदे पाडायचे नाहीत, हेही तुमचंच.

शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी कुठली कोण मुलगी, तिच्यासाठी दुपारची झोप मोडणारी माणसं अजून आहेत. त्यांच्या दारावर पाटी नसते, फी नसते, म्हणून जाहिरातीत ती सापडत नाहीत. माझं नशीब, भिंत एकच होती.

आता आम्हाला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी. येत्या चौथ्या शनिवारी येतेय. स्वयंपाक करू नका, मी करेन.

तुमची,
शेजारची पोरगी