खर्चाचा कागद आधी पुढे ठेवणाऱ्या काकांस

सोलापूर

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

रोटरी या सेवासंस्थेच्या आपल्या क्लबच्या यूथ एक्स्चेंज कार्यक्रमातून, म्हणजे शाळकरी मुलांनी एकमेकांच्या देशांत यजमान घरी राहून शिकण्याच्या योजनेतून, माझी मुलगी वर्षभर ब्राझीलमध्ये राहून सुखरूप परतली आणि आता येथे अकरावीच्या वर्गात जाऊही लागली. हे पत्र घरी येऊन आपल्या हाती देता आले असते. परंतु आभाराचा शब्द निघण्यापूर्वीच आपण विषय बदलता असा अनुभव आहे, शिवाय आपण आम्हाला जे समजावून दिलेत ते सोलापुरातील इतर पालकांपर्यंतही पोहोचावे अशी इच्छा आहे, म्हणून ते जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव मुद्दामच घातलेले नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही परदेशी शिक्षणाच्या एका सल्लागाराकडे जाऊन आलो होतो. तेथे ‘स्कॉलरशिप’ हा शब्द पुष्कळ वेळा ऐकला; मात्र कोण कशाचे पैसे देणार, हे बाहेर पडेपर्यंत उमगले नाही. आपण मात्र चहा येण्याच्या आधीच एक कागद पुढे ओढलात, मधोमध रेघ मारलीत आणि म्हणालात, “ताई, ही शिष्यवृत्ती नव्हे, ही देवाणघेवाण आहे. आधी खर्च बघा, मग देश बघू.” डाव्या बाजूला यजमान क्लब, म्हणजे मूल जाईल तेथील रोटरी क्लब, काय देतो ते लिहिलेत: राहणे, जेवण, शाळेची फी आणि दरमहा थोडा हातखर्च. उजव्या बाजूला आमच्या वाट्याचे: येण्याजाण्याचे विमानभाडे, विमा, पासपोर्ट, व्हिसा, कार्यक्रमाचा ब्लेझर, आणि तेथे गेल्यावर सहलींना जायचे असेल तर त्याचा वेगळा खर्च. आमच्यासारख्या नोकरदार घराला उजवी बाजू हलकी नव्हती, हे आपल्या लक्षात आले असणार. कारण कर्ज काढून पाठवू नका, कार्यक्रम पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे, तेव्हा एक वर्ष थांबलात तरी संधी जाणार नाही, असे आपण स्वतःहून सांगितलेत. उमेदवार मिळावा म्हणून धडपडणारा माणूस असे बोलत नाही, असे माझे पती घरी परतताना म्हणाले, आणि आमचा निम्मा निर्णय तेथेच झाला.

उरलेला निम्मा अवघड होता. दहावीनंतरचे एक वर्ष परदेशातील शाळेत घालवले, तरी ते येथे अकरावी म्हणून धरले जाईलच असे नाही, हे आपण अगदी स्पष्ट केलेत. परत आल्यावर अकरावीला बसायचे, बरोबरच्या मैत्रिणी एक इयत्ता पुढे गेलेल्या असतील, नातेवाईक ‘वर्ष वाया गेले’ असे म्हणतील, आणि त्याला आपल्याजवळ उत्तर असेलच असे नाही, हे सगळे आपण मुलीला समोर बसवून सांगितलेत, आम्हाला नव्हे. प्रश्न तिच्या वर्षाचा आहे तर होकारही तिनेच द्यावा, हा आपला आग्रह त्या वेळी मला जरा कडक वाटला होता. पुढे ती तिकडे एकटी पडली तेव्हा ‘तुम्हीच मला पाठवलेत’ असे ती एकदाही म्हणाली नाही. त्याचे कारण त्या आग्रहात आहे, असे मला वाटते.

सासूबाईंचा विरोध वेगळाच होता. सोळा वर्षांची मुलगी परक्या देशात, परक्या घरी, तेही एका नव्हे तर दोन-तीन कुटुंबांत आळीपाळीने राहणार, ही कल्पनाच त्यांना पटेना. आपण त्यांच्याशी वाद घातला नाहीत. ज्या घरी मूल राहणार त्या घरातील सर्व मोठ्या माणसांची माहिती घेतली जाते, संदर्भ तपासले जातात, घराला भेटी दिल्या जातात, प्रत्येक मुलामागे क्लबचा एक काउन्सेलर, म्हणजे मार्गदर्शक, नेमला जातो आणि तो यजमान कुटुंबातील असत नाही, म्हणजे घरातच काही अडले तर मुलाला बाहेर बोलायला माणूस असतो, इतके सांगून आपण निघून गेलात. पुढे परदेशातून येणाऱ्या मुलीसाठी आमचे घर यजमान म्हणून सुचवले गेले आणि एका दुपारी आपण दोन सदस्यांसह न कळवता दारात उभे राहिलात. मुलगी कोणत्या खोलीत झोपणार, त्या खोलीला आतून कडी आहे का, घरात कोण कोण राहते, कोण येऊन-जाऊन असते, असे प्रश्न आपण विचारलेत. आमचीच चौकशी होते म्हणून सासूबाई आधी रागावल्या. रात्री जेवताना मात्र त्या म्हणाल्या, “आपलं घर एवढं बघतात, तर तिकडचंही बघतच असतील.” त्यानंतर त्यांनी विरोधाचा शब्द काढला नाही. प्रवासापूर्वीच्या बैठकीत आपण मुलांना गाडी चालवायची नाही, मद्य नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही, असे चार नियम वाचून दाखवलेत, तेव्हा तर या क्लबचे सदस्यत्व आजींनाच द्यावे असे वाटण्याइतका त्यांचा चेहरा खुलला होता.

सामानाची गोष्टही नोंदवायला हवी. सोलापूरचे मूल परदेशी निघाले की तीन यजमान घरांसाठी तीन सोलापुरी चादरी बांधल्या जाणार हे आपल्याला पाठ आहे. एक चादर सर्वांत अधिक दिवसांच्या मुक्कामाच्या घराला, बाकीच्यांना टॉवेल आणि शेंगाचटणी, असे वजन आपणच वाटून दिलेत, म्हणून विमानतळावर बॅगा उघडून बसण्याची वेळ आली नाही.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील एका लहान शहरात ती राहिली. शाकाहारी मुलीचे कसे होणार ही चिंता भात आणि घेवड्याच्या उसळीने परस्परच मिटवली. तो तेथील रोजच्या जेवणाचाच भाग निघाला. त्या राज्याचा चीजचा छोटा गोल पाव प्रसिद्ध आहे आणि तो कसाव्याच्या पिठाचा असतो, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच कंदाच्या. हे कळल्यावर तो उपवासाला चालेल का, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. निकाल अजून लागलेला नाही.

ज्या प्रसंगासाठी मी आपली सर्वांत अधिक ऋणी आहे तो नवरात्रातला. तिकडच्या भाषेत अजून दोन वाक्येही धड जमत नव्हती, येथे रूपाभवानीच्या देवळात गर्दी लोटली होती, तुळजापूरच्या वाटेवर माणसे चालू लागली होती, आणि ती फोनवर रडत होती. तिला परत बोलवायचे असे मी ठरवूनच टाकले होते. आपण मला थांबवले नाहीत; फक्त तिकडच्या काउन्सेलरशी बोलेपर्यंत तिकीट काढू नका, एवढेच म्हणालात. ब्राझीलचा तो भाग आपल्याहून साडेआठ तास मागे आहे. त्यांना कामावरून येऊन निवांत बोलता येईल ती वेळ आपल्याकडची पहाटे साडेचारची. आपण त्या वेळी उठून बोललात, या वयात, आणि सकाळी आम्हाला कळवलेत की मुलगी आजारी नाही, घरही चांगले आहे, केवळ शाळा सुटल्यानंतर तिच्या हाताला काम नाही. तिकडच्या काउन्सेलरबाईंनी तिला शेजारच्या व्हॉलीबॉलच्या गटात घालायचे ठरवले आहे. आम्ही रोज फोन करतो तो आठवड्यावर आणावा, असेही आपण सुचवलेत. मला ते जड गेले. पण आठवड्याच्या फोनवर ती पुढे स्वतःहून मैत्रिणींची नावे सांगू लागली.

त्याच वर्षी जर्मनीहून आलेली मुलगी काही महिने आमच्या घरी राहिली. आम्ही रोटरीचे सदस्य नाही. यजमान होण्यासाठी सदस्य असावे लागत नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ती आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आपण तिला आणि माझ्या धाकट्या मुलाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक दाखवायला नेलेत. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेला आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच काम करताना वारला, हे तिने ऐकले तेव्हा तिच्यापेक्षा माझा मुलगाच अधिक गप्प झाला. तो त्या रस्त्याने नेहमी जात असे, आत कधी गेला नव्हता. जानेवारीत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची गड्ड्याची यात्रा आली. पांढऱ्या बाराबंदीतील (बंदांच्या अंगरख्यातील) भक्त सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलत चालतात ते पाहून तिने इतके प्रश्न विचारले, की संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, म्हणजे नेमके काय, हे मला माझ्या आईला फोन करून नीट समजून घ्यावे लागले. नळाला पाणी येण्याच्या दिवशी पिंपे भरायला ती आमच्या आधी उठू लागली आणि बादलीभर पाण्यात आंघोळ उरकू लागली. कडक भाकरी मात्र तिला शेवटपर्यंत जमली नाही.

माझ्या पुतण्यासाठीही आपण वेळ दिलात, त्याचा उल्लेख न करणे योग्य होणार नाही. त्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जायचे आहे. ‘रोटरी स्कॉलरशिप, नोंदणी शुल्क भरा’ असा एक संदेश त्याच्या फोनवर आला होता. तो आपण वाचलात आणि काही न बोलता पुसून टाकायला लावलात. मग खरी वाट दाखवलीत. रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या निधीसंस्थेच्या ग्लोबल ग्रँट नावाच्या अनुदानातून परदेशातील पदव्युत्तर अभ्यासाला मदत मिळते, परंतु त्याचे किमान अंदाजपत्रकच ३०,००० डॉलरचे असते. आपल्याकडचा एक आणि जेथे शिकायचे त्या देशातील एक असे दोन्हीकडचे पुरस्कर्ते त्यामागे उभे राहावे लागतात. विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असावे लागते. आणि विषय शांतता, रोगनिवारण, पाणी व स्वच्छता, माता-बालकांचे आरोग्य, मूलभूत शिक्षण, सामुदायिक अर्थविकास व पर्यावरण या सात क्षेत्रांपैकी एकात बसावा लागतो. पुतण्याचा विषय पाण्याचा आहे, तो बसत होता. तरी “नुसता विषय बसून चालत नाही, त्यात तू आजवर काय केलेस ते सांग,” असे विचारून आपण त्याला दुष्काळी गावांत प्रत्यक्ष काम करायला धाडलेत. त्याचा अर्ज आता पुढे सरकत आहे. आपल्या स्वतःच्या नातीला मात्र हे अनुदान मागता येत नाही, कारण सदस्यांच्या मुला-नातवंडांना फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्या खुल्या नसतात. हे आपण ज्या सहजतेने सांगितलेत, तितक्या सहजतेने मला ते ऐकता आले नाही. इतरांच्या मुलांसाठी पहाटे उठणाऱ्या माणसाच्या घरातच ते दार बंद असावे, हा नियम न्याय्य असला तरी मनाला लागतो.

त्या भेटीत आपण पुतण्याला जो इतिहास ऐकवलात तो माझ्याही लक्षात राहिला. १९१७ साली रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी या फाउंडेशनच्या निधीची कल्पना मांडली आणि १९१८ मध्ये कॅन्सस सिटीच्या क्लबने दिलेली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती. १९४७ मध्ये रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस गेले. त्याच वर्षी सुरू झालेल्या पहिल्या शिष्यवृत्त्यांवर ११ देशांतील १८ विद्यार्थी शिकायला गेले. नुकतेच महायुद्ध संपले होते, आणि कालपर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या जगात मुलांना दुसऱ्याच्या देशात शिकायला पाठवण्याचे धाडस कोणीतरी केले होते. आमच्या सासूबाई मुलगी पाठवायला का घाबरतात हे तेव्हाच्या आयांना अधिक समजले असते.

काका, यंदा येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी यजमान घरे कमी पडत आहेत असे कानावर आले. आमची खोली रिकामी आहे, मुलीचीही तयारी आहे, आणि जेवण शाकाहारीच मिळेल एवढी एकच अट सासूबाईंनी घातली आहे. पहिल्या मुक्कामाला कोणी तयार नसेल तर पहिला मुक्काम आमच्याकडे ठेवावा. ऊन कमी असलेले महिने नवख्या मुलाला बरे पडतात. गेल्या वेळचे कागद जुने झाले असतील, तेव्हा तपासणी पुन्हा करावी लागेल हे ठाऊक आहे. केव्हाही यावे, पूर्वीसारखे न कळवता आलात तरी चालेल. फक्त या वेळी चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपली नम्र,
एक पालक, जुळे सोलापूर