फर्नांडिसांना ‘झ’ कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावर अर्जेंटिनाचा एन्झो ‘फर्नांडेझ’, पोर्तुगालचा ब्रुनो ‘फर्नांडेझ’ आणि खाली आपल्या गोव्यातल्या सासष्टीचा गोलरक्षकही ‘फर्नांडेझ’! पहिल्याचे सोडा, पण उरलेल्या दोघांना हा ‘झ’ कुणी चिकटवला?

माझी हयात टपाल खात्यात पत्रे निवडण्यात गेली. एकेका वाड्यावर आठ-आठ घरे फर्नांडिसांची. पोस्टमन घराच्या टोपणनावावरून पत्र पोचवायचा. ही सगळी एका रक्ताची असतीलच असे नाही. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे, त्यामुळे शेजारची दोन परकी कुटुंबेही एकाच आडनावाची झाली.

मुळात ते आडनाव नव्हतेच. फर्नांदोचा मुलगा तो फर्नांडिस, रोद्रिगोचा रॉड्रिग्स. आपण वडिलांचे नाव मधे लिहितो, ते शेवटी लिहीत. आपले पिढीगणिक बदलते, त्यांचे कुठल्या तरी एका पणजोबावर अडकून राहिले. फर्नांदो हे नाव पोर्तुगीजांचेही स्वतःचे नव्हे. पाचव्या शतकात आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, शिरलेल्या व्हिसिगॉथ टोळ्यांच्या जर्मॅनिक भाषेतले ते. या नावाच्या उत्तरार्धाचा अर्थ ‘धाडसी’. जर्मनांकडे तो फर्डिनांड, हंगेरीत नांदोर. स्पेनमध्ये ‘फ’चा ‘ह’ झाला आणि हर्नांडोची पोरे वेगळ्याच आडनावाने नांदू लागली. श्रीलंकेत तर बापाचे नाव जसेच्या तसे, फर्नांडो, आडनाव म्हणून चालते.

पोर्तुगीजांत शेवटी ‘एस’, स्पॅनिशांत ‘झेड’, एवढाच लिहिण्यातला फरक. बोलताना लिस्बनमध्ये त्या ‘एस’चा ‘श’ होतो. आणि गंमत म्हणजे स्पॅनिश माणूसही ‘झ’ म्हणत नाही; माद्रिदमध्ये जीभ दातांत धरून ‘थ’सारखा आवाज काढतात, अर्जेंटिनात सरळ ‘स’. म्हणजे हा ‘झ’ ना गोव्याचा, ना पोर्तुगालचा, ना स्पेनचा. इंग्रजी अक्षरे वाचून आपणच तो काढला. जॉर्ज फर्नांडिस हे नाव मराठी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे ‘स’नेच छापले, तेव्हा कुणाचे काही अडले नव्हते.

तेव्हा गोव्याच्या मुलांना फर्नांडिसच राहू द्यावे. वाझ मंडळींचा ‘झ’ मात्र काढू नका. वास्कोच्या मुलाचे ते आडनाव पोर्तुगीजही ‘झेड’नेच लिहितात, आणि आपल्याकडे त्यांना सगळे वाझच म्हणतात.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, फोंडा