टीव्हीच्या खोक्यावर डीकोडरची यादी छापा

महोदय,

स्मार्ट टीव्हीची जाहिरात असो वा खरेदीविषयीचा लेख, प्रोसेसरला कोअर (आकडेमोड करणारे भाग) किती आणि रॅम किती यापुढे गाडी जात नाही. या कोअरवर मेनू आणि ॲप चालतात. चित्र उलगडते ते त्याच चिपमधला व्हिडिओ डीकोडर हा स्वतंत्र भाग, आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नसतो.

हिशेब करून पाहावा. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम आणि पिक्सेलला २४ बिट धरले, तर सेकंदाला जवळजवळ १२ अब्ज बिट होतात. इंटरनेटवरून ते २० मेगाबिटच्या आसपास येतात, म्हणजे सहाशेपट दाबून. ते उलगडायला खास सर्किट असेल तर थोडक्या विजेत भागते. तेच काम कोअरवर पडले की चिप तापते, स्वतःचा वेग उतरवते आणि चित्र अडखळू लागते.

गोची अशी की हे सर्किट चिपमध्ये कायमचे कोरलेले असते. अपडेटने नवे ॲप मिळेल, नवा डीकोडर मिळत नाही. व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतींची, म्हणजे कोडेकची, मानके ठरलेली असतात: एच.२६४ हे मानक २००३ चे, एचईव्हीसी २०१३ चे, एव्ही१ २०१८ चे. बरे, नुसत्या नावावरही भागत नाही, प्रोफाइल, म्हणजे त्या मानकातला उपप्रकार, बघावे लागते. एच.२६४ छातीठोकपणे चालवणाऱ्या बहुतेक चिपना त्याच मानकातली १० बिटची (प्रत्येक रंगाला नेहमीच्या ८ ऐवजी १० बिट देणारी) फाइल झेपत नाही. हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात किंवा काळ्या पडद्यावर नुसता आवाज येतो. एचईव्हीसीतून एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारे चित्र) हवे तर 'मेन १०' हे प्रोफाइल लागते, व्हीपी९ या आणखी एका कोडेकमध्ये 'प्रोफाइल २'.

दुकानात तपासणे अवघड नाही. फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एचईव्हीसी मेन १०, व्हीपी९ आणि एव्ही१ अशा तीन फाइली घ्याव्यात. तिन्ही ४के, ६० फ्रेमच्या. फॅट३२ मुळे प्रत्येक फाइल ४ जीबीच्या आत हवी. फाइलचे कोडेक, प्रोफाइल, बिट डेप्थ आणि फ्रेम रेट 'मीडियाइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. कॅमेरा आडवा सरकतो आहे असे दृश्य निवडावे, कारण गळालेली फ्रेम तिथे लगेच डोळ्यांत भरते. आणि फाइल वीसेक मिनिटे फिरवत ठेवावी. पहिल्या दोन मिनिटांत, चिप थंड असताना, सगळेच टीव्ही गुणी असतात!

आवाज ओठांच्या पुढे धावतो, ही तक्रारही बऱ्याचदा चिपच्या कामातूनच येते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पुढच्या फ्रेमची वाट पाहते. ६० च्या वेगाला दर फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद जातात. टीव्ही आपल्या स्पीकरचा आवाज तेवढा मागे ठेवतो, पण ऑप्टिकल केबलने बाहेरच्या स्पीकरकडे जाणारा आवाज नेहमीच थांबवला जातो असे नाही. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला जाणवतो. उशिरा आलेला मात्र १२५ पर्यंत खपून जातो, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. आधी ती सोय बंद करावी, मग ऑडिओ डिले (आवाज मागे ठेवण्याची सेटिंग) थोडा थोडा वाढवावा. आवाज मागे पडत असेल तर डिले वाढवून दुखणे वाढेल. तेव्हा डिले शून्यावर आणून आवाजाचे आउटपुट पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) करून पाहावे. ऑप्टिकलवर पीसीएम दोनच चॅनेलचे जाते, त्यामुळे ५.१ चॅनेलच्या सराउंड आवाजावर पाणी सोडावे लागते.

कंपन्यांनी प्रत्येक डीकोडरमागे 'एचईव्हीसी मेन १०, ३८४०×२१६०, ६० फ्रेम' अशी एक ओळ खोक्यावर छापावी. आपल्या पुरवणीतल्या टीव्ही-परीक्षणांतही कोअरच्या संख्येशेजारी तिला जागा मिळावी, ही विनंती.

– दृक्श्राव्य उपकरणे दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ