लॅमिंग्टन रोडच्या दादांना, आमच्या अभ्यासिकेकडून

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि दुकानाचं नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र उघड लिहिते आहे. पडद्यावर चित्र काढणारं जुनं ग्राफिक्स कार्ड, त्यावर ‘सपोर्ट संपला’ असा शेरा आणि मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, या तिढ्यात अडकलेली माणसं मुंबईत पुष्कळ असणार. तुम्ही आम्हाला दाखवलेली वाट त्यांच्याही उपयोगी पडावी.

वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. लालबागला आमच्या चाळीत मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी अभ्यासिका भरते. दहावी-बारावीची मुलं येतात, आयटीआयची येतात, एमपीएससीची तयारी करणारेही आहेत. एका कार्यालयाने काढून टाकलेलं वर्कस्टेशन मंडळाला मिळालं. झिऑन प्रोसेसर, मेमरी भरपूर. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे लिनक्स घालायचं हे ठरलेलंच होतं. अडचण कार्डाची. आमच्या या झिऑनला स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड चाललं नाही तर मशीन असून नसल्यासारखं. आत होतं एनव्हिडियाचं जीटी ७३०, २०१४ साली बाजारात आलेलं.

चित्र दिसायचं, पण १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं आणि आडवं ताणलेलं. खिडकी सरकवली की ती अडखळत यायची. आणि स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर तर उघडूनही उपयोग नव्हता. मुलांना वरळीच्या नेहरू तारांगणात नेलं होतं. १९७७ पासून मुंबईच्या मुलांना आकाश दाखवणारी ती जागा. तिथून आल्यावर त्यांना तेच आकाश अभ्यासिकेत हवं होतं, कारण लालबागच्या गच्चीवरून उजेडात आणि धुरकट हवेत दिसतात ते मोजके तारे. स्टेलॅरियम फुकट आहे, उत्तम आहे, पण आमच्याकडे मृग नक्षत्र क्षितिजावरून वर आणायचं म्हटलं तर पडदा धक्के खात खात हलायचा. मुलं वाट बघून कंटाळायची आणि पुन्हा मोबाइलकडे वळायची. मला याचं फार वाईट वाटत होतं.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, नवीन कार्ड घ्या. तुमच्या दुकानात मीही नव्या कार्डाचा भाव विचारायलाच आले होते. तुम्ही भाव सांगितला असतात तर मी मंडळाच्या खजिनदारांशी बोलून पैसे उभे केले असते, आणि तुमची विक्री झाली असती. तुम्ही मात्र विचारलंत, “ताई, कार्ड कुठलं आहे ते कुणी बघितलंय का?” मी म्हटलं, जीटी ७३०. तुम्ही म्हणालात, “ते खोक्यावरचं नाव झालं. आतली चिप कुठली?”

हा प्रश्न आम्हाला तोवर कुणीच विचारला नव्हता. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या हे मला तुमच्याकडून कळलं. एक फर्मी पिढीची, ९६ कोअरची. दुसरी केप्लर पिढीची, ३८४ कोअरची. फर्मीला कंपनीचा ३९० मालिकेचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो, केप्लरला ४७० चा, आणि नवे ड्रायव्हर दोघांनाही ओळखत नाहीत. तुम्ही चिठ्ठीवर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा लिहून दिलीत आणि ग्राफिक्सच्या ओळीचा फोटो पाठवायला सांगितलात. फोटोत शेवटी कंसात दोन आकडे होते: १०डीई आणि १२८७. पहिला एनव्हिडियाचा, दुसरा चिपचा. “१२८७ म्हणजे जीके२०८बी, केप्लर. वाचलात! ०एफ०२ असता तर फर्मी निघाली असती,” असा तुमचा निरोप आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. दुकान बंद करून तुम्ही गाडीत बसला असणार.

मग तुम्ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही ‘डीमेसेज’ वाचायला लावलीत. त्यात सगळं लिहिलेलंच होतं: हे कार्ड ४७० च्या जुन्या मालिकेत येतं, आत्ता बसवलेला ड्रायव्हर त्याच्याकडे दुर्लक्ष करील. मशीनने आपलं दुखणं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, ते कुठे वाचायचं हे सांगणारं माणूस आम्हाला तेव्हा मिळालं.

इथे कुणीही म्हटलं असतं की मग ४७० टाका आणि मोकळे व्हा. तुम्ही थांबलात, आणि मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे ती या थांबण्याची. तुम्ही विचारलंत, मशीनची देखभाल कोण करणार? मी म्हटलं, मुलंच. तेव्हा तुम्ही समजावलंत की ४७० चे अपडेट २०२४ मध्ये थांबले. तो ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, त्यामुळे कर्नल बदलला की त्याचं मोड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, नव्याने बांधावं लागतं, आणि नव्या कर्नलशी ते जुळेलच असं नाही. एका सकाळी अपडेट येईल, मोड्यूल बांधलं जाणार नाही आणि परीक्षेच्या तोंडावर पडदा पुन्हा ताणलेला दिसेल. त्यापेक्षा नूवो हा कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर वापरू, म्हणालात. तो कर्नलमध्येच असतो, कर्नलबरोबरच येतो.

मेगाब्लॉक असूनही तुम्ही रविवारी आलात. कीबोर्डला हात लावला नाहीत. आमच्या अकरावीतल्या मुलीला खुर्चीवर बसवलंत आणि स्वतः मागे उभे राहिलात. तिने आज्ञा टाइप करायची, काय आलं ते मोठ्याने वाचायचं, आणि त्याचा अर्थ आधी तिनेच सांगायचा. ‘जीएलएक्सइन्फो’ या आज्ञेने रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा, म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ दाखवलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की याचा अर्थ चित्र कार्ड काढतच नाही, सगळं प्रोसेसर हिशेब करून रंगवतोय. नूवो का चालत नाही याची दोन कारणं निघाली. कंपनीचा ड्रायव्हर बसवताना नूवोला बंदी घालणारी फाइल तयार झाली होती आणि ड्रायव्हर काढल्यावरही ती मागे उरली होती. शिवाय बूटच्या ओळीत कधीतरी घातलेला ‘नोमोडसेट’ हा शब्द तसाच होता, आणि तो असेपर्यंत नूवो कार्डाचा ताबा घेत नाही. फाइल काढली, शब्द काढला, इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल, नव्याने बांधलं, मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा पूर्ण रेझोल्यूशनने उघडला. रेंडररच्या जागी आता ‘एनव्ही१०६’, म्हणजे आमच्याच चिपचं नूवोतलं नाव, होतं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, अजून अर्धंच झालंय.

खरंच अर्धं होतं. कार्ड सुरू होताना ज्या कमी वेगावर असतं, तिथेच नूवो त्याला ठेवतो. केप्लरचा वेग हाताने वाढवता येतो, आणि त्यासाठी डीबग फोल्डरमध्ये ‘पीस्टेट’ नावाची छोटी फाइल असते. ती वाचली की वेगाच्या पायऱ्या दिसतात, आणि ‘एसी’ने सुरू होणारी ओळ सध्याचा वेग सांगते. या कार्डाचा मूळ वेग ९०२ मेगाहर्ट्‌झ, आणि आमचं चाललं होतं त्याच्या निम्म्याहून कमी वेगावर. मुलीने रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन त्या फाइलीत सगळ्यांत वरच्या पायरीचा आकडा ‘०एफ’ लिहिला. क्षणभर पडदा लुकलुकला. मग तिने स्टेलॅरियममध्ये काळ पुढे पळवला, आणि मृग, व्याध, रोहिणी एका संथ लयीत पश्चिमेला सरकत गेले. खोलीत कुणी बोललं नाही.

तुम्ही तिथेही घाई केली नाहीत. कार्डाला पंखा नाही, नुसता धातूचा हीटसिंक आहे, म्हणून आधी हाताने वेग वाढवून तापमान बघा, काही संध्याकाळी तसंच चालवा, आणि निर्धास्त झालात की मगच बूटच्या ओळीत ‘एनव्हीसीएलकेमोड’ बरोबर १५ असं कायमचं लिहा. ‘०एफ’ हा सोळाच्या पायाचा आकडा, तो इथे दशमान पद्धतीत १५ असा द्यावा लागतो, हे तुम्ही पाटीवर मांडून दाखवलंत. बारावीच्या मुलांनी संख्यापद्धती परीक्षेसाठी पाठ केली होती. ती अशी हाताला लागलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

काय होणार नाही हेही तुम्ही आधीच सांगितलंत, आणि त्याबद्दलही आभार. या वाटेने कुडा, म्हणजे कार्डाकडून हिशेब करवून घेण्याची एनव्हिडियाची सोय, मिळणार नाही. व्हिडिओ उलगडण्याचं काम कार्डाकडून करवून घ्यायला चिपच्या आत चालणारं वेगळं फर्मवेअर लागतं, तेव्हा ते प्रोसेसरवरच चालू दे, तुमचा झिऑन ते सहज पेलेल. मोठे गेम विसरा. एका मुलाचा चेहरा उतरला, पण खोटी आशा कुणाला राहिली नाही.

निघताना मी तुमचे आभार मानू लागले तर तुम्ही म्हणालात, “माझे कसले? नूवो लिहिणाऱ्यांचे माना.” तेही मानते. कंपनीकडून चिपची माहिती जवळपास मिळत नसताना त्यांनी हा ड्रायव्हर उभा केला. कंपनीचा ड्रायव्हर कार्डाला काय काय लिहून पाठवतो हे टिपणारं ‘एमएमआयओट्रेस’ नावाचं साधन त्यांनी घडवलं आणि त्या नोंदींवरून चिपचं वागणं उलगडत नेलं. शिकवायला कुणी नसताना पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघून राग बसवावा, तसं हे काम. २०१० साली नूवो कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत आला. बेन स्केग्ज यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं तो सांभाळला. कंपनीने २०२२ मध्ये आपले कर्नल मोड्यूल खुले केले, पण ते केप्लरनंतर आलेल्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी. आमच्या केप्लरला आधार आहे तो या लोकांच्या मेहनतीचाच. पण दादा, त्यांचं काम लालबागच्या या खोलीपर्यंत आणून पोचवलं ते तुम्ही. तुम्ही नसतात तर ते कर्नलमध्ये असूनही आमच्यासाठी नसल्यातच जमा होतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहा आणि कांदाभजी तेवढी घेतलीत. खजिनदारांना ते अजून पटलेलं नाही, ते तुमच्या नावाने देणगीची पावती फाडायची म्हणतात. नाव लिहायचं नाही म्हटल्यावर त्यांनी ‘एक हितचिंतक’ असं लिहून ठेवलंय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मुलीने सगळ्या पायऱ्या मराठीत एका कागदावर लिहिल्या. तो पुठ्ठ्यावर चिकटवून मशीनशेजारी टांगलाय. मध्यंतरी कर्नलचं अपडेट आलं, मी धास्तावले होते, मुलं धास्तावली नव्हती. मशीन नेहमीसारखं सुरू झालं.

आणखी एक बातमी. चिंचपोकळीच्या एका अभ्यासिकेतूनही असंच मशीन दाखवायला आणलं होतं, तेही जीटी ७३०. आमच्या मुलीने आधी आकडा बघितला. ०एफ०२ निघाला. फर्मीचा वेग नूवोला असा वाढवता येत नाही हे तिला तुमच्याकडून माहीत होतं, म्हणून तिने त्यांना सरळ सांगितलं की टायपिंग, वाचन आणि इंटरनेट यांसाठी ते नूवोवर नीट चालेल, तारांगण मात्र आमच्याकडे येऊन बघा. बुधवारी त्यांची मुलं येतात. तुमची दुकानाची सुट्टी जमली तर तुम्हीही या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अभ्यासिकेची ताई
लालबाग, मुंबई