शुगरचं पथ्य उन्हाळ्यात का सुटतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो, तेव्हा आमच्याकडे शिबिर होतं, बोट टोचून शुगर बघतात, भाषण होतं, पथ्याचा कागद देतात आणि मग पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कोणी विचारत नाही. मला त्या मधल्या दिवसांबद्दल लिहायचंय. मी स्वतः शुगरची पेशंट आहे, दारव्हा तालुक्यात राहते, घरी कोरडवाहू शेती आहे.

पथ्य काय ते आता बहुतेकांना माहीत आहे. नवीन नवीन भीती असते म्हणून माणूस चहातली साखर सोडतो, भात कमी करतो, सकाळी रस्त्यानं फिरतो, मग रिपोर्ट चांगला येतो आणि तिथूनच ढिल पडते. काही जण तर गोळीच बंद करतात, म्हणे आता नॉर्मल आली. अहो पण ती गोळीनं अन् फिरण्यानंच नॉर्मल आली ना, डॉक्टरला न विचारता बंद कशी करता?

आपल्याकडे हे सगळं शेतीच्या हंगामावर चालतं असं मला दिसतं. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी असेपर्यंत अंग हलत राहते. फेब्रुवारीनंतर शेतात काम नाही, अन् त्याच वेळी लग्नं, तेरव्या, भंडारे, रोज कुठं ना कुठं पंगत, आणि वाढणारी बाई मायेनंच म्हणते, "घे वं माय, एका बुंदीच्या लाडूनं का होते?" ऊन ४५ डिग्रीपर्यंत जाते, मग फिरणं पण बंद. म्हणजे जेव्हा जास्त सांभाळायचं तेव्हाच सगळं सुटतं, आणि कॅम्प मात्र नोव्हेंबरात.

डॉक्टर आठवड्याला १५० मिनिटं चालायला सांगतात, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको म्हणतात, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात पण तो फायदा एखाददोन दिवसच टिकतो. उन्हाळ्यात पहाटे उजाडल्याबरोबर निघा, नाहीतर जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीतच चाला, जेवणानंतरची शुगर त्यानं कमी चढते. एकट्या बाईला रस्त्यानं फिरायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, दोघीतिघी असल्या की काही वाटत नाही.

खाण्याचं म्हणाल तर कागदावर ज्वारीची भाकर लिहिलेली असते. पण सोयाबीन आल्यापासून आमच्याकडे ज्वारी पेरतं कोण? रेशनवर गहू-तांदूळ येतो, घरात तेच शिजते. आणि बाईला शुगर असली तर ती सगळ्यांचं रांधून स्वतःसाठी वेगळं करत बसत नाही, उरलेलं खाते. तेव्हा घरानंच थोडं बदलावं, सगळ्यांच्याच ताटात भात कमी आणि अंबाडीची, चवळीची भाजी, वरण जास्त. (भाकरसुद्धा मोजूनच हो, ज्वारी आहे म्हणून चार खाल्ल्या तर शुगर वाढतेच.)

बचत गटाच्या बैठकीला बाया तशाही जमतात, तिथं दहा मिनिटं शुगरवाल्या बायांनी एकमेकींना विचारावं, या आठवड्यात चाललीस का, गोळी आहे का संपली. पुरुषांनी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनंतर तेच करावं. विचारणारं कोणी असलं की माणूस टिकतो, नुसत्या भीतीनं टिकत नाही.

आणि आरोग्य विभागाला विनंती आहे की तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी उपकेंद्रात रक्त घेऊन करून द्यावी. आदल्या दिवशी उपाशी राहून बोटाची शुगर चांगली आणता येते, ही आणता येत नाही. पण त्यासाठी तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी जाते अन् लॅबचे पैसे वेगळे, म्हणून लोक करतच नाहीत. वर्षातून एकच शिबिर जमत असेल तर ते मार्चमध्ये घ्या, लग्नसराईच्या आधी, आणि जूनमध्ये पेरणीआधी त्याच लोकांना परत बोलवा.

– एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ