खिमा करून देणाऱ्या मामांचे जाहीर आभार

आदरणीय मामा,

सादर नमस्कार विनंती विशेष. पत्रास कारण की, एअर फ्रायरमध्ये केलेले खिम्याचे गोळे आमच्याकडे आता चांगले जमू लागले आहेत आणि जो पाहुणा ते खातो तो हमखास यंत्राची कंपनी कोणती, किंमत किती, ते किती लिटरचे, याची चौकशी करतो. यंत्राचे हे कौतुक ऐकताना मला संकोच वाटतो, कारण त्या गोळ्यांचे जे काही बरेवाईट व्हायचे असते, ते आमच्या ओट्यावर येण्यापूर्वी तुमच्या दुकानातल्या लाकडी ठोकळ्यावरच बहुतेक ठरलेले असते. हे तुम्हाला तोंडी सांगावे, तर रविवारी तुमच्यासमोर रांग असते आणि बुधवारी-शुक्रवारी सवड असली तरी ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चार लोकांना वाचता येईल असे जाहीर.

खिम्याचे गोळे ही आमच्या घरात पत्नीची खासियत होती. कढईत तळायचे, कोरडे हवे असतील त्यांनी तसेच खायचे आणि उरलेले कांदा-लसूण मसाल्याच्या रश्शात सोडायचे, असा क्रम ठरलेला असे. संधिवाताने तिची बोटे आखडू लागल्यापासून उकळत्या तेलापाशी उभे राहणे तिला धोक्याचे झाले, आणि माझ्या हाती तेलाची कढई सोपवण्याइतका विश्वास घरात कोणाचाच माझ्यावर नव्हता. यावर तोडगा म्हणून मुलीने एअर फ्रायर आणून दिला. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले असल्याने मी त्याची माहितीपुस्तिका पाठ्यपुस्तकासारखी वाचून काढली. वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली छिद्रे असलेली टोपली, एवढाच त्याचा पसारा आहे. फिलिप्स कंपनीने २०१० साली या नावाने ते बाजारात आणले आणि मग इतर कंपन्यांनी तसलीच यंत्रे काढली. पण नावात तळणे असले तरी आत तळणे अजिबात घडत नाही, तो एक लहानसा आणि वेगवान वाऱ्याचा ओव्हन आहे. नाव ठेवणाऱ्याची हुशारी मान्य करून पुढे जातो.

त्या वेळी मी तुमच्याकडे मांडीचा, पडदे आणि चरबी पूर्ण काढलेला, अगदी बारीक खिमा मागितला होता. तुम्ही सत्तूर खाली ठेवलात आणि काय करणार ते विचारलेत. मी सांगितल्यावर तुमचा पुढचा प्रश्न होता, “तेल किती घालणार?” तेल जवळजवळ नाहीच, असे मी जरा अभिमानानेच म्हणालो. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी शब्दशः लिहून ठेवले आहे: “बाहेरनं तेल नाही, आतनं चरबी नाही, मग गोळा मऊ राहायचा कशानं?”

या एका वाक्यात जेवढे विज्ञान आहे तेवढे त्या माहितीपुस्तिकेत नाही. गरम तेल हवेपेक्षा कितीतरी अधिक वेगाने उष्णता देते. त्यामुळे कढईत गोळ्यावर काही क्षणांत खरपूस कवच येते आणि आतला ओलावा निघून जाण्यापूर्वी गोळा बाहेर काढता येतो. वाऱ्याचे तसे नसते. दोरीवरचे कपडे वाळावेत तसा तो आधी गोळ्याचा पृष्ठभाग वाळवतो, कारण पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि १९१२ साली लुई-कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वर्णन केलेली ती क्रिया, जिच्यामुळे भाजल्या मांसाला तपकिरी रंग आणि तो हवाहवासा वास येतो, ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. तेवढा वेळ गोळा वाऱ्यात बसतो आणि मांसातली प्रथिने आकसून पाणी बाहेर पिळत राहतात. बोकडाचे मांस मुळात कमी चरबीचे. त्यातली होती नव्हती ती चरबीही काढून टाकली, तर पाणी गेल्यावर दाताखाली ओलसर लागावे असे काही उरतच नाही. मी हे सगळे सूत्रांसकट शिकवू शकलो असतो, पण दुकानात उभे राहून खिमा मागताना ते मला सुचले नव्हते, आणि तुम्हाला ते सूत्रांवाचून ठाऊक होते.

मग तुम्ही मांडी बाजूला सारून पुढचा खांदा घेतलात. खांद्याच्या मांसात चरबी अधिक मुरलेली असते आणि चवही अधिक असते, हे तुमचे म्हणणे मी तेव्हा मुकाट्याने ऐकले आणि आता स्वतःच्या जबाबदारीवर इतरांना सांगतो. किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम चरबी तुम्ही वेगळी तोलून मांसात मिसळता, तीही गुर्द्यावरची घट्ट चरबी थोडी आणि बाकीची अंगावरची. पडदे आणि शिरा मात्र तुम्ही बारकाईने काढता, कारण रश्श्यात तासभर शिजणाऱ्या मटणातला पडदा मऊ होतो, दहा-बारा मिनिटांच्या भाजणीत तो रबरच राहतो. गिऱ्हाइकाला चरबी विकून वजन वाढवणारे दुकानदार असतात, आणि गिऱ्हाइकाचे समाधान व्हावे म्हणून ती मुकाट्याने काढून देणारेही असतात. पदार्थ विचारून मग चरबी ठरवणारा मी दुसरा पाहिलेला नाही.

खिमा धुण्यावरूनही तुम्ही मला वेळीच अडवलेत, आणि ही गोष्ट मी थोडी सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे घरोघरी खिमा चाळणीत घालून नळाखाली धरण्याची पद्धत आहे. “धुवायचं ते मटण धुवा, खिमा नाही,” असे सांगून तुम्ही तुकडे धुतलेत, नीट निथळलेत, कापडाने टिपलेत आणि मगच खिम्याच्या यंत्रात घातलेत. धुतलेल्या खिम्यात पाणी अडकून राहते, गोळा वळताना तो सुटतो आणि भाजताना ते पाणी वाफ होऊन गोळ्याला चिरा पाडते; शिवाय खिम्याचे जे चिकट प्रथिन गोळा बांधून ठेवते त्यातले काही पाण्याबरोबर वाहून जाते. मग तो बांधण्यासाठी बेसन वाढवावे लागते आणि खाताना खिम्याऐवजी भजे खाल्ल्यासारखे वाटते.

तुकडे मोठ्या जाळीतून एकदा आणि बारीक जाळीतून दुसऱ्यांदा काढायचे, आणि मधल्या वेळात ते थंड पेटीत ठेवायचे, हा तुमचा नियम. घाईच्या रविवारीही तुम्ही तो मोडत नाही आणि रांगेतले लोक कुरकुरतात. यंत्राच्या घर्षणाने मांस तापले, की चरबीचे कण कण न राहता तिचा लेप सगळीकडे पसरतो आणि असा खिमा टोपलीत गेला की चरबी लवकर वितळून खाली टपकते, म्हणजे मुद्दाम तोलून घातलेली चरबी कामी येत नाही. तुमच्या ताटलीत आधी करून ठेवलेला खिमा मी कधी पाहिलेला नाही; यंत्र सकाळी धुऊन पुसल्यावरचा पहिला खिमा तुम्ही आमच्यासाठी राखता आणि ‘आजच संपवा’ असे बजावता. अखंड तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला असलेले जंतू खिमा होताना आतपर्यंत मिसळले जातात, त्यामुळे ही ताकीद साधी नव्हे.

घरी आल्यावरचे श्रेय बहुतांशी पत्नीचे आहे. ती खुर्चीत बसून सांगते आणि मी करतो. अर्धा किलो खिम्याला आले-लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचे वाटण, बारीक चिरून मुठीत घट्ट पिळलेला कांदा, चमचाभर कांदा-लसूण मसाला, चिमूटभर गरम मसाला, आणि दुधात भिजवून हलकेच दाबलेला एक पाव. पाव हा तिचा आग्रह आहे आणि तो योग्य आहे, कारण पावातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि मांसाच्या धाग्यांना एकमेकांशी फार घट्ट जुळू देत नाही. पाव नसेल तेव्हा दोन-तीन चमचे डाळ्याचे पीठ चालते, पण त्याने गोळा किंचित कोरडा होतो. मीठ, साधारण एक सपाट चहाचा चमचा, सर्वांत शेवटी घालायचे, हे मात्र तुम्ही सांगितले. मिठाने मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन सुटते आणि मळताना खिमा हाताला चिकटू लागतो. तो चिकटला की थांबायचे, कारण त्यापुढे मळत राहिले तर गोळा सॉसेजसारखा ताठ होतो. अंड्याबाबत तुमचे आणि तिचे एकमत नाही. ती घालते, तुम्ही नाक मुरडता. दोन्ही पद्धतींचे गोळे खाऊनही मी या वादात मत देणार नाही, कारण मला दोन्हीकडे संबंध टिकवायचे आहेत.

लिंबाएवढे गोळे वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले, की चरबी पुन्हा घट्ट होते आणि आकार टिकतो. यंत्र तीन-चार मिनिटे १९० अंशांवर आधी तापवायचे, गोळ्यांना ब्रशने तेलाचा नुसता हात लावायचा आणि टोपलीत एकमेकांना न चिकटतील असे ठेवायचे. गर्दी केली की वाऱ्याला वाट मिळत नाही आणि गोळे भाजले न जाता स्वतःच्याच वाफेत शिजून राखाडी दिसतात. अर्धा किलोचे गोळे आमच्या टोपलीत एका वेळी मावत नाहीत, दोन घाण्यांत करावे लागतात, आणि मोठ्या कुटुंबाला हे यंत्र का पुरत नाही ते इथे कळते. सात-आठ मिनिटांनी उलटायचे, एकूण बारा मिनिटांच्या आसपास काढायचे. चरबी खालच्या भांड्यात पडून धूर होऊ नये म्हणून त्यात अर्धी वाटी पाणी घालतो. तुम्ही ‘मोडून बघा, आत गुलाबी नको’ असे म्हणाला होतात. पण शिक्षकाची सवय जात नसल्याने मी गोळ्याच्या मध्यभागी सुईचा थर्मामीटर खुपसून बघतो आणि ७१ अंश दिसले की बाहेर काढतो. खिम्यासाठी हे तापमान सुरक्षित मानतात, आणि रंगावर विसंबण्यापेक्षा ते खात्रीचे आहे. एवढ्या एकाच मुद्द्यावर मी तुमच्या पुढे आहे, तो मला राहू द्यावा.

रश्श्यासाठी करायचे असतील तर रस्सा वेगळा उकळून घ्यायचा आणि भाजलेले गोळे शेवटच्या पाच मिनिटांत सोडायचे. कोरडे खायचे असतील तर लगेच, गरम असतानाच खायचे. बोकडाची चरबी थंड होताच गोठते आणि टाळूला चिकटते, त्यामुळे पाहुण्यांची वाट पाहत गोळे झाकून ठेवणे आम्ही बंद केले आहे. पाहुणे बसल्यावरच पहिला घाणा लागतो.

काही परिचितांनी विचारले, की चरबी मुद्दाम घालायची तर मग तेलाविना भाजण्याला अर्थ काय. पथ्याचा पदार्थ म्हणून मी हे गोळे कोणाला सुचवणार नाही. मटण ते मटणच. चरबीचा काही भाग टपकून खाली जातो, कढईभर तेल आणि उरलेले तळण पुन्हा वापरण्याचा मोह टळतो, इतका लाभ नक्की आहे. आमच्यासाठी मोठी गोष्ट ही, की पत्नीला उकळत्या तेलापासून दूर राहूनही आपल्या हातची चव माझ्या हातून करवून घेता येते. तिने पहिला चांगला गोळा मोडला तेव्हा काही न बोलता दुसरा उचलला होता. तिच्या बाबतीत हे प्रमाणपत्र समजावे.

तुम्ही या सल्ल्याचे कधी पैसे घेतले नाहीत, वेगळ्या तोललेल्या चरबीचेही नाही, आणि बारीक जाळी लावण्यासाठी यंत्र उघडावे लागते तरी कंटाळा केला नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही ‘मास्तरांचा खिमा आहे, थांबा’ म्हणता, तेव्हा मला जरा लाजल्यासारखे होते, पण आवडतेही. या सर्वांबद्दल आम्हा उभयतांच्या वतीने मनःपूर्वक आभार.

येत्या रविवारी मुलगी, जावई आणि नातवंडे येत आहेत. कृपया दीड किलो खांदा राखून ठेवावा. चरबी किती घालायची ते तुम्ही ठरवा, नातवंडांसाठी अर्धा किलो वेगळा बांधा म्हणजे त्यात मिरची कमी घालता येईल. मी सात वाजता, रांग लागण्यापूर्वी येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बारीक जाळीचा हट्ट धरणारा मास्तर